क्यूपाथ : गर्भाशयातील कर्करोगपूर्व विकृती मोजून पाहताना

गर्भाशयाच्या अस्तराच्या बायोप्सीचा अहवाल लिहिताना आम्हा विकृतिशास्त्रज्ञांच्या हातून एक शब्द वारंवार लिहिला जातो, तो म्हणजे 'दाटी'. ग्रंथी दाटीवाटीने बसल्या आहेत, त्यांच्यामधला स्ट्रोमा, म्हणजे आधार देणारी ऊती, कमी झाला आहे, असे आम्ही लिहितो आणि ते वाचून स्त्रीरोगतज्ज्ञ औषध द्यायचे की गर्भाशय काढायचे हे ठरवतात. पण किती दाटी झाली म्हणजे तिला दाटी म्हणायचे, याचे माप अहवालात नसते. त्याच स्लाइडवर दुसऱ्या तज्ज्ञाने वेगळे मत दिले, तर मतभेदाचे मूळ नेमके कुठे आहे हेही सांगता येत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून गेली तीन वर्षे मी स्लाइडच्या प्रतिमेवर मोजमाप करणारी क्यूपाथ ही संगणकप्रणाली वापरत आहे. स्त्रियांच्या जननमार्गातील कर्करोगपूर्व विकृतींच्या कामात ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे फसवते, हे सहकाऱ्यांना व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कळावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

क्यूपाथ हे नाव 'क्वांटिटेटिव्ह पॅथॉलॉजी' या शब्दांवरून आले आहे. पीटर बँकहेड यांनी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात ही प्रणाली घडवली, २०१६ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि २०१७ मध्ये तिच्यावरचा मूळ शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आता तिचे काम एडिनबरा विद्यापीठातून चालते. ती पूर्णपणे मोफत आहे, तिचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो आणि ती विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. स्कॅनर बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या फाइली ती थेट उघडते, आणि स्कॅनर नसेल तर सूक्ष्मदर्शकावरच्या कॅमेऱ्याने काढलेले साधे छायाचित्रही तिला चालते. लहान शहरातल्या प्रयोगशाळेच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

अस्तराच्या विकृतीत मोजमापाची गरज का पडली, हे सांगितल्याशिवाय प्रणालीचे मूल्य कळणार नाही. रॉबर्ट कुर्मन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये १७० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात साध्या हायपरप्लेसियाचे (अस्तराच्या अतिवाढीचे) कर्करोगात रूपांतर १ टक्का, गुंतागुंतीच्या हायपरप्लेसियाचे ३ टक्के, साध्या पण पेशींत विकृती असलेल्याचे ८ टक्के आणि गुंतागुंतीच्या व पेशींत विकृती असलेल्याचे २९ टक्के स्त्रियांमध्ये झालेले आढळले. हे चार कप्पे पुढे जगभर रूढ झाले. कागदावर ते सुटसुटीत दिसतात. पण पेशींत विकृती आहे की नाही, हा त्यांतला निर्णायक प्रश्न पूर्णपणे नजरेवर सोडलेला होता. त्या नजरेवर किती भिस्त ठेवावी, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने २००६ मध्ये दाखवून दिले. बायोप्सीत विकृतियुक्त हायपरप्लेसिया असे निदान झालेल्या २८९ स्त्रियांची गर्भाशये काढून तपासली, तेव्हा ४२.६ टक्के स्त्रियांमध्ये कर्करोग त्या वेळी आधीपासूनच होता. ज्या निदानाला आपण कर्करोगाची पूर्वपायरी म्हणत होतो, त्याच्या आड पाचांतल्या दोघींहून अधिक जणींचा कर्करोग दडला होता.

नेदरलँड्समध्ये यान बाक यांनी याच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकात, नजरेऐवजी मोजपट्टीने हा प्रश्न सोडवायला घेतला होता. त्यांच्या गटाने अनेक मापे घेऊन पाहिली आणि त्यांतली तीन निवडली : ऊतीच्या एकूण आकारमानात स्ट्रोमाचा वाटा किती टक्के आहे, केंद्रकांच्या लहान अक्षाच्या लांबीत परस्परांत किती तफावत आहे, आणि ग्रंथींच्या बाहेरच्या पृष्ठभागाची घनता किती आहे. या तिन्हींना एका सूत्रात बांधून जो आकडा येतो त्याला डी-स्कोअर म्हणतात. तो १ पेक्षा कमी आला तर धोका अधिक, जास्त आला तर धोका कमी. पुढे बोस्टनमध्ये जॉर्ज मटर यांनी जनुकीय पुराव्याची जोड देऊन 'एंडोमेट्रियल इंट्राएपिथेलियल निओप्लेसिया', म्हणजे ईआयएन, ही संकल्पना मांडली. डी-स्कोअरमधले जे माप डोळ्यांनाही जमण्यासारखे होते ते त्यांनी रोजच्या निकषात आणले : स्ट्रोमा ५५ टक्क्यांहून कमी, त्या भागातल्या पेशी आजूबाजूच्या पेशींपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या, आणि भागाची रुंदी १ मिलिमीटरहून अधिक, शिवाय ईआयएनसारख्या दिसणाऱ्या निरुपद्रवी अवस्था आणि प्रत्यक्ष कर्करोग या दोन्ही शक्यता वगळलेल्या असाव्यात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४७७ स्त्रियांच्या अभ्यासात ईआयएन ठरलेल्या ११८ पैकी २२ जणींना, म्हणजे १९ टक्क्यांना, पुढे कर्करोग झाला. ईआयएन नसलेल्या ३५९ पैकी फक्त दोघींना झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या वर्गीकरणात चार कप्पे मोडून दोनच ठेवले, त्यामागे या कामाचा मोठा हात आहे.

आता क्यूपाथकडे वळते. स्ट्रोमाचा वाटा मोजणे हे काम ही प्रणाली माझ्या मते अतिशय उत्तम करते. स्लाइडची प्रतिमा उघडून आधी ग्रंथींच्या पेशी, स्ट्रोमा आणि ग्रंथींमधली पोकळी यांचे थोडे थोडे नमुने ब्रशने रंगवून दाखवायचे, मग त्यांवरून प्रतिमेचा प्रत्येक ठिपका ओळखणारा पिक्सेल क्लासिफायर शिकवायचा. तो शिकत असतानाच पडद्यावर आपला निर्णय रंगांत दाखवत जातो. चूक दिसली की तिथे आणखी एक नमुना रंगवायचा आणि दुरुस्ती लगेच पाहायची. हे शिकवणे फार समाधानाचे असते, कारण यंत्राला आपण नेमके काय सांगत आहोत हे प्रत्येक क्षणी दिसते. एकदा नीट शिकवलेला क्लासिफायर जपून ठेवता येतो आणि त्याच प्रयोगशाळेत, त्याच रंगद्रव्यांनी रंगवलेल्या पुढच्या स्लाइडवर तो पुष्कळसा तसाच चालतो. दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलेल्या स्लाइडसाठी मात्र नव्याने शिकवावा लागतो.

इथे एक चूक नवखा माणूस हमखास करतो, आणि सुरुवातीचे दोन महिने मीही करत होते. ग्रंथीच्या आतली पोकळी पडद्यावर पांढरी दिसते, स्लाइडची रिकामी काचही पांढरीच दिसते, आणि म्हणून दोन्हींना 'पार्श्वभूमी' असे एकच नाव दिले जाते. पण ५५ टक्क्यांची रेषा ज्या मापावर आखली आहे त्यात छेदस्थानी स्ट्रोमा, ग्रंथींच्या पेशी आणि ग्रंथींची पोकळी अशा तिन्हींची बेरीज असते. पोकळी वगळली तर स्ट्रोमाचा वाटा खोटा वाढतो, आणि खरोखरच्या ईआयएनला आपण निरुपद्रवी ठरवून मोकळे होतो. उलट दिशेनेही फसगत होते. वयस्कर स्त्रीच्या अस्तरात फुगलेल्या, पातळ भिंतींच्या निरुपद्रवी ग्रंथी असतात. त्यांची पोकळीच इतकी मोठी असते की स्ट्रोमाचा वाटा ५५ च्या खाली येतो, आणि आकड्याकडेच पाहणारा घाबरून जातो. फाटलेल्या तुकड्यांमधली भेग, रक्ताचा साका, तुकड्यांच्या कडा यांना पोकळी समजण्याची खोडही क्लासिफायरला असते, ती हाताने दुरुस्त करावी लागते. क्युरेटिंगमध्ये, म्हणजे अस्तर खरवडून काढलेल्या नमुन्यात, तुकडे मोठे असतात तेव्हा हे काम हलके असते. बारीक नळीने काढलेल्या नमुन्यात चिंध्याच अधिक असल्या की दुरुस्तीला मोजण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

याहून खोल अडचण जागा निवडण्याची आहे. स्ट्रोमाचे टक्के संपूर्ण बायोप्सीवर मोजून काहीच हाती लागत नाही, कारण ईआयएन हा सुरुवातीला एखाद्या कोपऱ्यातच असतो आणि भोवतालचे निरोगी अस्तर त्याला बुडवून टाकते. म्हणून सर्वांत दाट भाग आधी डोळ्यांनीच हेरावा लागतो, आणि तो १ मिलिमीटरहून रुंद आहे का हे पाहावे लागते. वीस पट स्कॅनमध्ये एक पिक्सेल साधारण अर्ध्या मायक्रॉनचा धरला तर १ मिलिमीटर म्हणजे सुमारे २,००० पिक्सेल. प्रणालीतल्या रेषेच्या साधनाने हे अंतर क्षणात कळते. सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही ते अंदाजपंचे ठरवत असू, आणि तो अंदाज किती चुकत असे हे मोजायला लागल्यावर समजले. नेमका कुठला भाग मोजला, हे प्रतिमेवर रेखाटलेल्या चौकटीसह जपून ठेवता येते, हा मात्र मोठा लाभ आहे. दुसरे मत मागवताना मी ती चौकटही पाठवते, आणि त्यामुळे चर्चा 'मला दाटी वाटते' इथे न अडकता 'तुम्ही ही जागा निवडली, मी ती निवडली असती' इथे येते.

केंद्रकांच्या मापाविषयी माझा अनुभव संमिश्र आहे. प्रणाली पेशी शोधून प्रत्येक केंद्रकाचे क्षेत्रफळ, गोलपणा, सर्वांत मोठी व सर्वांत लहान रुंदी असे तपशील तक्त्यात देते. त्यांतली सर्वांत लहान रुंदी ही बाक यांच्या लहान अक्षाच्या जवळची आहे, आणि तिची तफावत काढणे पुढे सोपे असते. पण विकृत ग्रंथींत केंद्रके एकमेकांवर चढलेली असतात, आणि मूळ पद्धतीने शोधल्यास दोन-तीन केंद्रके मिळून एक मोठे केंद्रक तयार होते. तसे झाले की तफावत आपोआप फुगते. स्टारडिस्ट नावाची जोडणी वेगळी बसवली की हे पुष्कळ सुधारते, तरी सेक्शन, म्हणजे ऊतीचा पातळ काप, जाड असेल तर तिचाही इलाज चालत नाही. ३ ते ४ मायक्रॉनचा एकसारखा सेक्शन कापणारा तंत्रज्ञ जवळ असणे ही या साऱ्या संगणकीय कामाची खरी पूर्वअट आहे. बाहेरून आलेल्या एका जाड सेक्शनवर मी एक पूर्ण दिवस घालवला आणि शेवटी मेणात बसवलेल्या ऊतीचा ब्लॉक मागवून नवा सेक्शन कापून घेतल्यावर अर्ध्या तासात काम झाले. फॉर्मॅलिनमध्ये ऊती किती वेळ राहिली यानेही केंद्रकांचा आकार बदलतो, म्हणून दोन प्रयोगशाळांची केंद्रकांची मापे शेजारी ठेवून तुलना करू नये.

याच कारणाने, क्यूपाथमधून मिळालेल्या मापांना डी-स्कोअरचे छापील सूत्र लावण्याचा मोह टाळावा, असे माझे ठाम मत आहे. ते सूत्र विशिष्ट उपकरणावर, प्रतिमेवर जाळी टाकून ठरावीक पद्धतीने केलेल्या मोजणीतून आले आहे. आपल्याकडे ग्रंथींचा परीघ पिक्सेलच्या दातेरी कडेवरून मोजला जातो, आणि परिघाचे माप प्रतिमेच्या बारकाव्यानुसार वाढते-घटते. आकडा निघतो, तो नेमकाही दिसतो, पण १ ची रेषा त्याला लागू पडते असे गृहीत धरायला आधार नाही. स्ट्रोमाच्या टक्केवारीला हा दोष फारसा लागत नाही, म्हणूनच मी तिच्यावर विसंबते. प्रोजेस्टिन या संप्रेरकाचे उपचार चालू असलेल्या स्त्रीच्या पुढच्या बायोप्सीत मात्र तीही जपून वाचावी लागते, कारण औषधाने स्ट्रोमा फुगतो व ग्रंथी आक्रसतात, आणि आकड्यात दिसणारी सुधारणा कितपत विकृतीची आणि कितपत औषधाच्या परिणामाची हे पेशी पाहिल्याखेरीज कळत नाही. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीचे गर्भाशय राखायचे की नाही हा निर्णय अशाच बायोप्सीवर असतो, तेव्हा इथे डोळ्यांत तेल घालून पाहणे भाग आहे.

गर्भाशयमुखाच्या विकृतींत चित्र वेगळे आहे. महाराष्ट्राशी या विषयाचे नाते जुने आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातल्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात हे त्यातून जगाला कळले. अशी तपासणी वाढत जाईल तसतशा छोट्या छोट्या बायोप्सी आमच्याकडे अधिक येतील, आणि त्यांतला सर्वांत अवघड प्रश्न कर्करोगपूर्व विकृतीच्या मधल्या पायरीचा असेल, जिला आम्ही सीआयएन-२ म्हणतो.

या पायरीसाठी दोन प्रतिपिंडांची मदत होते. विषाणूचे ई७ हे प्रथिन पेशीतल्या आरबी प्रथिनाला निकामी करते, त्यामुळे पी१६ हे प्रथिन पेशीत साठत जाते. सलग, गडद, तळापासून वर चढलेला पी१६ चा पट्टा दिसला तर विकृती वरच्या दर्जाची मानावी, अशी शिफारस अमेरिकेत २०१२ मध्ये झाली. हा पट्टा सलग आहे की तुटक, हे ओळखायला मोजणीची गरज नसते. पी१६ ची टक्केवारी काढून देणारे अहवाल माझ्या पाहण्यात आले आहेत, पण क्यूपाथचा तो वापर मला निरर्थक वाटतो, कारण तुटक पी१६ कितीही टक्के भरला तरी तो सलग होत नाही.

केआय-६७ ची गोष्ट निराळी. जर्मनीतल्या कील शहरात हे प्रतिपिंड सापडले आणि ताटलीतल्या ६७ क्रमांकाच्या क्लोनवरून त्याला नाव मिळाले. ते विभाजनाच्या तयारीतल्या पेशींचे केंद्रक रंगवते. निरोगी गर्भाशयमुखात अशी केंद्रके तळाच्या थरांलगतच असतात आणि विकृती वाढते तशी ती वर सरकतात. म्हणून इथे ती किती आहेत यापेक्षा किती उंचीवर आहेत हे अधिक बोलके आहे. बाक यांच्याच गटाने पुढे या उंचीचे आणि तळपटलाच्या (तळाशी असलेल्या पातळ पडद्याच्या) दर १०० मायक्रॉनमागे पडणाऱ्या संख्येचे मोजमाप मांडले होते. क्यूपाथमध्ये तळपटलावर एक रेषा आणि पृष्ठभागावर दुसरी रेषा आखून दोन्हींना वेगवेगळी नावे दिली, की प्रत्येक केंद्रकापासून दोन्ही रेषांचे अंतर प्रणाली काढून देते. त्या दोन अंतरांच्या गुणोत्तरावरून केंद्रक किती उंच चढले आहे हे कळते. हे मी पहिल्यांदा करून पाहिले तेव्हा, गेली कित्येक वर्षे 'खालचा तिसरा भाग', 'मधला तिसरा भाग' असे जे तोंडी शिकवत आले ते आलेखात समोर उभे राहिले, आणि विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी याहून चांगले साधन मला ठाऊक नाही. रोजच्या अहवालासाठी मात्र ही पद्धत जड आहे. बायोप्सी तिरकी कापली गेली असेल तर तळपटल कुठे आहे हेच कळत नाही, आणि गर्भाशयमुखाच्या पृष्ठस्तरात शिरलेल्या लिंफोसाइट या पांढऱ्या पेशीही केआय-६७ ने रंगून मोजल्या जातात.

मोजणीपूर्वी रंगांची पारख करून घेणे विसरू नये. प्रतिपिंड दाखवणाऱ्या डॅबचा तपकिरी आणि केंद्रके रंगवणाऱ्या हिमॅटॉक्सिलिनचा निळा हे दोन्ही रंग प्रत्येक प्रयोगशाळेत थोडे निराळे असतात, आणि ते ओळखून घेण्याची सोय प्रणालीत आहे. निळा फिका असेल तर न रंगलेली केंद्रके सापडतच नाहीत, भागाकाराचा छेद लहान होतो आणि केआय-६७ ची टक्केवारी वाढून येते. बीजवाहिनीच्या टोकाशी सापडणाऱ्या कर्करोगपूर्व विकृतीत, जिथे १० टक्क्यांच्या आसपासची केआय-६७ ची रेषा पी५३ या प्रथिनाच्या जोडीने निर्णायक ठरते, तिथे ही चूक महागात पडू शकते. कॅमेऱ्याच्या छायाचित्रात पिक्सेलचे माप नोंदलेले नसते; स्टेज मायक्रोमीटरचे, म्हणजे मोजपट्टी कोरलेल्या काचेचे, छायाचित्र त्याच भिंगाने काढून ते माप हाताने भरावे लागते, नाहीतर सगळी उत्तरे पिक्सेलमध्ये येतात आणि ५५ टक्के ठीक निघूनही १ मिलिमीटरचा निकष तपासता येत नाही.

संगणकाला किमान १६ जीबी रॅम असावी. त्याहून कमी असेल तर मोठ्या स्लाइडवर क्लासिफायर चालवताना काम अडखळते. मार्गदर्शिका इंग्रजीत असली तरी सविस्तर आहे, अडचण मांडली की जगभरातले वापरणारे उत्तरे देतात, आणि स्क्रिप्ट लिहायची तयारी असेल तर शंभर स्लाइडचे काम रात्रीत लावून देता येते. मेन्यू पुष्कळ आहेत, पहिल्या आठवड्यात माणूस गोंधळतो, आणि आवृत्ती बदलली की जुन्या स्क्रिप्ट कधीकधी चालत नाहीत, म्हणून एक अभ्यास सुरू असताना आवृत्ती बदलू नये. प्रणाली संशोधनासाठी आहे, प्रमाणित वैद्यकीय उपकरण नाही, हे तिचे निर्माते स्पष्टपणे सांगतात.

ज्या प्रयोगशाळेत आठवड्याला दोन-चार अस्तराच्या बायोप्सी येतात आणि हायपरप्लेसियाच्या दर्जाबद्दल शंका पडते, तिथे ही प्रणाली जरूर बसवावी. ज्यांच्याकडे सेक्शनचा दर्जा स्थिर नाही त्यांनी आधी मायक्रोटोम (काप घेण्याचे यंत्र) आणि रंगवण्याकडे लक्ष द्यावे. मी स्वतः स्ट्रोमाची टक्केवारी निदानाच्या ओळीत लिहीत नाही. ती खाली टिप्पणीत लिहिते, मोजलेल्या भागाच्या रुंदीसह आणि पोकळी धरून मोजली आहे या नोंदीसह, आणि चौकट आखलेली प्रतिमा अहवालाला जोडते, म्हणजे स्लाइड पुढे कोणाकडेही गेली तरी त्यांना तीच जागा पुन्हा मोजून पाहता येते.